बिनआवाजाचा कॉम्प्युटर

जळगावात, मेहरूणच्या आमच्या घरात सकाळ उजेडाने कमी आणि आवाजाने जास्त व्हायची. आधी तलावाकडची टिटवी, मग आईच्या हातची बादली अंगणातल्या फरशीवर टेकल्याचा आवाज, मग ओट्यावर भाकरी थापल्याची थपथप, आणि या सगळ्याच्या मागे, जणू हे सगळं त्याच्याच तालावर चाललंय असा, मधल्या खोलीतल्या बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, कड्यांचा आवाज. पुढे जाताना एक कुरकुर, मागे येताना दुसरी, जरा बारीक. त्या बंगईवर अक्का बसलेली असायची. अक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण, आणि भाऊ म्हणजे माझे वडील. अक्काचं आयुष्य पारोळ्याला पिठाच्या गिरणीत गेलं. नवरा गेला, मग काचबिंदूने एक डोळा गेला, पाठोपाठ दुसराही गेला, आणि भाऊ तिला माहेरी घेऊन आले. खानदेशात लेकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येतात, झोका खेळतात, आमरस-मांडे खाऊन परत जातात. आई गमतीने म्हणायची, आमच्या अक्काची आखाजी बारा महिने चालते, झोक्यासकट. अक्काला ते आवडायचं.

एकदा आईने त्या कड्यांना तेल घालायला घेतलं. दिवसभर कुरकुर ऐकून तिचं डोकं उठलं असणार. अक्काने पाय टेकून बंगई थांबवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे व. त्या आवाजवर तुमले समजस, मी कोठे शे ते." तेव्हा मला ते नुसतं हट्टी म्हातारीचं बोलणं वाटलं. तेलाची बाटली परत फडताळात गेली आणि कड्या कुरकुरत राहिल्या.

अक्का घरभर एकटी फिरायची. काठी तिला नको होती. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक डाव्या कानाला ठेवली की समोर स्वयंपाकघर. नळाचं ठिबकणं मोठं झालं की मोरी आली. दारातल्या निंबाची सळसळ आली की पुढे उंबरा, पाय उचल. पाहुणे यायचे ते म्हणायचे, अक्काला दिसतं, फक्त ती सांगत नाही. वीज गेली की आम्ही उकाड्याने हाश्शहुश्श करायचो, आणि तेव्हा वीज सारखीच जायची, पण अक्काचा चेहरा मात्र खुलायचा. पंखे थांबायचे, कूलर थांबायचा, आणि घर तिला स्वच्छ ऐकू यायचं. आम्हाला अंधार, तिला उजेड. दुपारी कूलर चालू असेपर्यंत ती आडवी पडून राहायची, कारण तेवढा वेळ तिला घर नसायचं. कूलर बंद झाला की उठून आधी माठातलं पाणी प्यायची.

अशा घरात धुळ्याहून मामाने कॉम्प्युटर आणला. मामा तिथल्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या ऑफिसात होता. तिथे नवीन मशीन आली तेव्हा जुन्यातलं एक त्याने मागून घेतलं, कारण मी नुकतीच कॉम्प्युटरच्या कोर्सला जायला लागले होते आणि घरी सराव करायला काही नव्हतं. पोत्यात गुंडाळून, एस.टी.च्या मागच्या सीटवर मांडीत धरून तो ते घेऊन आला. मला अजून तो क्षण आठवतो: मामाने बटण दाबलं आणि त्या पत्र्याच्या कॅबिनेटमधून असा घोंगाट निघाला की आईच्या हातातला चहा हिंदकळला. मला मात्र तो आवाज स्वर्गीय वाटला. त्यात एक गाडी पळवायचा खेळ होता, निळ्या डोंगरातून जाणारा रस्ता आणि रस्त्याकडेला झाडंच झाडं. आणि एक काळा पडदा होता, ज्यावर मी ओळी लिहायच्या आणि त्याने त्या मुकाट्याने पाळायच्या. घरात माझं कोणी ऐकतंय याचं मला फार अप्रूप होतं. कॉलेजातून आले की मी त्याच्यासमोर बसायची आणि जेवायला हाका पडेपर्यंत उठायची नाही. भाऊंना तो आवाज ऐकूच यायचा नाही. ते डाळ मिलमध्ये सुपरवायझर होते, तिथल्या घरघरीने त्यांचे कान केव्हाच अर्धे खाल्ले होते.

मग एक दिवस मी खेळात असताना आईची हाक आली, मंजू! मी वळून बघितलं तर अक्का मधल्या खोलीच्या मधोमध उभी होती. एक हात पुढे केलेला, पाय जागेवर. ती कुठे धडपडली नव्हती, तिला काही लागलं नव्हतं. ती फक्त उभी होती, आणि हळू आवाजात, लाजल्यासारखी विचारत होती, "घड्याळ कोठे गयं?"

आईने तिचा हात धरून तिला बंगईवर बसवलं. अक्काला हात धरून चालवलेलं मी त्या घरात पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवसापासून मशीन चालू असलं की ती उठायचीच बंद झाली. तहान लागली तरी आधी विचारायची, बंद शे का? तिने कुरकूर केली नाही, उलट पोर शिकतेय म्हणून तिला कौतुकच होतं. पण माझा हा पत्र्याचा कूलर कॉलेजातून आल्यापासून रात्रीपर्यंत चालायला लागला होता, आणि तेवढा वेळ तिला घर नव्हतं. रात्री जेवताना आईने भाऊंना सांगितलं. भाऊ बोटं चाटत शेवभाजी खात होते, ते थांबले. मग त्यांच्या त्या मिलमधल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "अक्का या घरात हात धरून चालायला आलेली नाही. आखाजीला तुझा मामा आईला न्यायला येईल. त्याच्याबरोबर हा डबा परत."

मी विचारलं, आवाज बंद केला तर? भाऊंनी खांदे उडवले. त्यांना आवाजच येत नव्हता, ते काय निवाडा करणार. म्हणाले, आवाज गेला असं अक्का म्हणेल, तेव्हा राहील. असा माझ्या कॉम्प्युटरचा न्याय अक्काच्या कानावर सोपवला गेला.

आता विचार केला तर वाटतं, पुढचे ते महिने माझ्या तरुणपणातले सगळ्यात सुखाचे होते. हल्ली मशीनच्या आत काही हलतच नाही, आवाज यायला हलणारं काहीतरी लागतं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चार-पाच पंख्यांची आणि एका फिरत्या तबकडीची वरात होती. मी कॅबिनेटचा पत्रा काढला आणि अक्काला शेजारी पाटावर बसवलं. ती डोळे मिटून बसली, ते मिटायची गरज नसताना. म्हणाली, आत तीन जण आहेत. "एक बारीक रडस, एक घोगरं शे, न मधमा कोनी तरी दात खास." मी एकेक तपासत गेले. बारीक रडणारा तो ग्राफिक्स कार्डावरचा चिमुकला पंखा. घोगरा तो मागचा, वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसचा. आणि दात खाणारी ती हार्ड डिस्क, तिची थरथर पत्र्याला लागून सगळं कॅबिनेटच गुणगुणत होतं. गिरणीत असताना जात्याच्या आवाजावरून आत बाजरी आहे की ज्वारी हे ती सांगायची म्हणे. मी तिला विचारलं होतं, मग गिरणीच्या एवढ्या आवाजात तू कशी वावरायचीस? म्हणाली, तवय डोळा व्हतात ना.

नव्या भागांसाठी आम्ही बाजारात हनीफभाईंच्या दुकानी गेलो. आम्ही म्हणजे मी आणि अक्का. आई म्हणाली, अक्काला कशाला त्या गर्दीत नेतेस, पण अक्का नऊवारी बदलून दारात तयारही होती. हनीफभाई म्हणजे जळगावातला बोलका माणूस, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय भाव सांगायचा नाही. त्यांच्याकडे लाल-निळे दिवे लागणारी कॅबिनेटं रांगेने मांडलेली. मी म्हटलं, मला आवाज न करणारं हवंय. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "ताई, आवाज आहे म्हणजे मशीनमध्ये जान आहे. आवाज नसला तर गिऱ्हाईक म्हणतं बंद पडलं." पण अक्काला त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग काउंटरवर एकेक एसएमपीएस जोडून तिच्या कानाशी धरायला लागले, साडीच्या दुकानात पदर उलगडून दाखवावेत तसे. अक्का मान हलवायची, नको, नको, हाई बी नको. शेवटी एकाला ती म्हणाली, हाई बेस शे, जराबी आवाज नही. हनीफभाई कसनुसे हसले. म्हणाले, अक्का, हे अजून लावलंच नाही. सगळं दुकान हसलं, अक्का सगळ्यात जास्त. पण आम्ही घेतला तो त्याच जातीचा, मोठा पंखा सावकाश फिरवणारा. लहान पंख्याला तेवढीच हवा ओढायला जीव खाऊन पळावं लागतं, मोठा आरामात फिरून तेच काम करतो, हे मला तिथे उमगलं.

ग्राफिक्स कार्ड बिनपंख्याचं मिळालं. त्यावर नुसत्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या उभ्या केलेल्या, उष्णता त्यांतूनच हवेत जायची. ते कोणी घेत नव्हतं म्हणून धूळ खात पडलं होतं. प्रोसेसर मी मुद्दाम हळू चालणारा, कमी तापणारा घेतला. भारीतला घेतला असता तर खेळातल्या डोंगरावरची झाडं पानापानांनी दिसली असती. हळू घेतला तर लांबची झाडं नुसती हिरव्या ढगासारखी दिसणार होती. मी दुकानात उभी राहून त्या झाडांचा बराच विचार केला, आणि पानं सोडून दिली. खरं सांगायचं तर मला ती हिरव्या ढगांची झाडंच पुढे जास्त आवडली. मामाने आणलेला मॉनिटर आणि हार्ड डिस्क आम्ही ठेवली, कॅबिनेट मात्र जाड पत्र्याचं घेतलं. की-बोर्डही नवा घेतला, रबराचा, मऊ, बोट टेकलं तरी कळू नये असा. हनीफभाई म्हणाले, एवढं मुकं मशीन मी आयुष्यात बांधलं नाही.

हार्ड डिस्कचं दात खाणं मात्र कुठला भाग विकत घेऊन जाणारं नव्हतं. तिथे आईचा शिलाईचा डबा कामी आला. त्यातलं रुंद इलॅस्टिक घेऊन मी कॅबिनेटच्या आत आडवं-उभं ताणलं आणि हार्ड डिस्क त्यात अधांतरी टांगली, झोळीत बाळ घालावं तशी. आता ती थरथरली तरी पत्र्याला लागत नव्हती. पंख्यांच्या स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले. आईने विचारलं, वरून गोधडी घातली तर? तिला वाटलं आवाज कोंडायचा तर गोधडीसारखं दुसरं काय. मी तिला सांगितलं की गोधडीत घातलं तर मशीन भाजून निघेल, भरताच्या वांग्यासारखं. यावर आई म्हणाली, मग जळगावच्या उन्हाळ्यात तुझ्या त्या हळू पंख्याचं काय होईल ते बघ आधी.

आईचं म्हणणं खरं ठरलं. चैत्र लागला आणि आमच्याकडे भिंतींना हात लावला तरी चटका बसायला लागला. खेळ जरा रंगला की मशीन तापून आपोआप बंद पडायचं. पंखे जोरात सोडले की आवाज, हळू ठेवले की ताप. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा पेच पडलाच नसता, आणि त्यावर मला जे सुचलं तेही जळगावच्याच माणसाला सुचावं. घरातली सगळ्यात थंड जागा कुठली? माठाचा कोपरा. स्वयंपाकघराच्या दाराशी, ओल्या वाळूवर ठेवलेला माठ, त्याला गुंडाळलेलं ओलं फडकं, भिंतही गार. मी लाकडी पाट टाकला आणि माझा लाडका कॉम्प्युटर माठाच्या शेजारी नेऊन बसवला. खरंच थंड राहिला हो. मी दुपारभर खेळत बसायची, एका अंगाला मातीचा ओला वास, समोर निळे डोंगर. पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण माझ्या डोक्यावर हात ठेवून जायचा. त्या दिवसांची आठवण आली की मला अजून झोप आल्यासारखं वाटतं, बरं वाटतं.

आठवडाभराने अक्का बंगईवरून म्हणाली, काहीतरी जळतंय. आम्हाला कोणालाच वास आला नव्हता. मी उठेपर्यंत कॅबिनेटमधून फट् असा आवाज झाला आणि धुराची एक बारीक रेघ वर गेली. वाळूची ओल पाटातून, हवेतून, कुठून कुठून आत शिरली होती, एसएमपीएसच्या तारांवर हिरवट बुरशी धरल्यासारखं झालं होतं. हनीफभाईंनी तो उघडला, बघितला, आणि माठ म्हटल्यावर खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेजारच्या दुकानदारालाही हाक मारून सांगितलं. पुढे कितीतरी दिवस मी दुकानात गेले की ते विचारायचे, ताई, पाणी गार आहे ना?

एसएमपीएस त्याच जातीचा दुसरा आणला, आणि मी शहाणी झाले. मशीन आतल्या भिंतीशी, शहाबादी फरशीवर, बंगईपासून दोन हातांवर ठेवलं. पंख्यांना वीज कमी देऊन ते आणखी हळू केले. आणि खेळ पहाटे, हवा गार असताना, दुपारी फक्त प्रोग्रॅम, असा नियम घालून घेतला, कारण ओळी लिहिताना मशीन फारसं तापत नाही. मामा आईला न्यायला आला त्या दिवशी भाऊ मुद्दाम सुट्टी टाकून घरी राहिले. मी सगळ्यांच्या आधी बटण दाबून ठेवलं होतं. अक्का बंगईवर बसली, कान टवकारले, वाट बघितली. मग म्हणाली, "कवय लावशी?"

मी म्हटलं, अक्का, मघाचंच चालू आहे. मामाने वाकून पडद्याकडे बघितलं आणि मांडीवर थाप मारली. अक्का उठली, घड्याळ डाव्या कानाला धरून नीट स्वयंपाकघरात गेली, माठातलं पाणी प्यायली, आणि तशीच नीट परत आली. येताना तिने माझ्याकडे तोंड करून मान हलवली. भाऊ मामाला म्हणाले, डबा राहू द्या, बहिणीला तेवढं घेऊन जा.

आई धुळ्याला गेली. भाऊ मिलमध्ये. अक्काला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी घरीच राहिले, आणि मला कुठे जायचंही नव्हतं. आखाजीच्या आदल्या दुपारची गोष्ट. जेवण झाल्यावर अक्का आतल्या खोलीत आडवी झाली, मी मशीनसमोर बसले. एक प्रोग्रॅम बरेच दिवस अडला होता आणि त्या दुपारी तो सुटायच्या बेतात होता. तशी दुपार माणसाला क्वचित मिळते. बाहेर ऊन एवढं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, अक्का उठली तर तिला घर ऐकू यावं म्हणून कूलर-पंखे मी बंद ठेवलेले, खिडकीला ओला पडदा, आणि त्या मऊ की-बोर्डवर माझी बोटं पाण्यात चालल्यासारखी चाललेली. मशीनचा आवाज नाही, बोटांचा आवाज नाही. मला वाटतं माझ्या श्वासाचासुद्धा नसावा. मी कुठेतरी फार आत उतरले होते, जिथे फक्त ओळी होत्या आणि त्या एकमेकींना बरोबर जोडल्या जात होत्या.

अक्का कधी उठली ते मला कळलं नाही. ती मधल्या खोलीत आली, बंगईची कडी धरून उभी राहिली, आणि स्वतःशीच बोलायला लागली. आधी मला वाटलं देवाचं म्हणतेय. मग शब्द कळले. ती घराची हजेरी घेत होती. "घड्याळ शे," ती म्हणाली. थांबली, ऐकलं. "नळ शे." परत थांबली. "निंब शे." मग कान देऊन ऐकत राहिली. तिचं तोंड सरळ माझ्याकडे होतं, दोन हातांवर, आणि तिला मी नव्हते. मग ती अगदी हळू म्हणाली, "मंजू नही."

मी म्हटलं, "अक्का, मी आहे ना. इथेच आहे." ती दचकली. पुढे आली, हात पसरून, आणि तिचा हात माझ्या डोक्याला लागला. तो तिथेच राहिला. तिला वाटलं होतं मी मैत्रिणीकडे गेले असणार, घर रिकामं आहे. मी म्हटलं, मी जेवल्यापासून इथेच बसलेय. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, मग खांद्यावरून, मग खाली माझ्या बोटांपर्यंत, ती अजून की-बोर्डवरच होती. म्हणाली, "मशीनना आवाज गया ते बरं जायं, पोरी. पन तू बी गयी ना."

मला रडू आलं. ते तिला ऐकू आलं, आणि विचित्र सांगते, त्याने तिला बरं वाटलं. ती खाली बसली आणि आम्ही आखाजीला आईने करून ठेवलेले बिबडे, ज्वारीचे ते कडक पापड, मोडून खाल्ले. बिबडा मोडतानाचा तो कडकड आवाज दोघींनाही त्या दिवशी फार मोठा वाटला. आणि तेव्हा मला तेलाची ती बाटली आठवली. आपण कुठे आहोत हे आम्हाला कळावं म्हणून अक्का दिवसभर बंगई कुरकुरत ठेवत होती, आणि मी महिने खर्चून स्वतःला पुसून टाकलं होतं.

आखाजी झाली, अक्काजवळ भाऊ सुट्टी घेऊन राहिले, आणि आईला आणायला मी धुळ्याला गेले. मामाला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मला जिनिंगच्या ऑफिसात घेऊन गेला. मागे एक अडगळीची खोली होती, कापसाची रुई सगळ्या वस्तूंवर पातळ बसलेली, तिथे पाय ठेवला तरी आवाज होत नव्हता. मामाने एका फळीवरून जुना की-बोर्ड काढला. पिवळट, विटेइतका जड. प्रत्येक कळीखाली आतून स्प्रिंग. त्याने फुंकर मारली, रुई उडाली, आणि त्याने एक कळ दाबली. खटाक. म्हणाला, हा वाजतो म्हणून ऑफिसातल्या बायका वैतागल्या होत्या, साहेबाने काढून टाकायला लावला. मी दोन्ही हातांनी तो वाजवून बघितला. त्या रुईच्या खोलीत असा आवाज झाला की बाहेरून वॉचमन डोकावला.

परतीच्या एस.टी.त मी तो मांडीवर घेऊन बसले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा अक्कासाठी भाजक्या शेंगा घेतल्या. तिच्या गावच्या शेंगा ती तोंडात टाकताच ओळखायची, निदान ओळखल्याचं सांगायची. आई म्हणत होती, अगं बसमध्ये तरी वाजवू नकोस, लोक बघतात. जळगावला उतरल्यावर आधी हनीफभाईंकडे, कारण त्या की-बोर्डाची पिन जुन्या पद्धतीची, जाडी, तिला बसणारा जोड हवा होता. हनीफभाईंनी एक कळ दाबली, माझ्याकडे बघितलं, परत दाबली. म्हणाले, "सगळं मशीन मुकं करून घेतलंत आणि आता हे?" मी म्हटलं, आता बरोबर झालं. त्यांनी जोडाचे पैसे घेतले नाहीत, म्हणाले, माठाच्या गोष्टीचे फिटले.

घरी आले तेव्हा अक्का बंगईवर होती. मी शेंगांची पुडी तिच्या हातात ठेवली. मशीन लावलं, नेहमीसारखं ते लागल्याचं कळलंही नाही, आणि मी लिहायला सुरुवात केली. खट खटाक खट. बंगईची कुरकुर थांबली. मी लिहीत राहिले. थोड्या वेळाने कुरकुर परत सुरू झाली, पण आता ती माझ्या बोटांच्या मागेमागे. अक्का शेंगा सोलून खात राहिली.

पुढची वर्षं घरात असेच दोन आवाज होते. मी खेळतेय की काम करतेय हे अक्काला बंगईवरून कळायचं, खेळात चारच कळा पुन्हापुन्हा वाजतात म्हणायची, आणि परीक्षा जवळ असली की भाऊंकडे चुगली करायची. मी अडले की कळा थांबायच्या. थांबल्या की लगेच बंगईवरून प्रश्न यायचा, "थांबनी का व? काय अडकनं?" मग मी तिला सांगायची, अमुक ओळीपर्यंत सगळं बरोबर येतं, तिथून पुढे चुकतं. तिला त्यातलं ओ का ठो कळायचं नाही. ती हं हं करत ऐकायची, आणि तिला सांगता सांगताच माझी चूक मला सापडायची. मी परत लिहायला लागले की ती म्हणायची, सुटनं वाटतं. मी शिकले, नोकरीला लागले, पुण्याला आले. अक्का मी पुण्यात असताना गेली. आईने फोनवर सांगितलं, त्या दिवशी सकाळीसुद्धा ती माठापर्यंत एकटी गेली होती.

ते मशीन केव्हाच गेलं. इलॅस्टिकची झोळी, बिनपंख्याचं कार्ड, सगळं भंगारात गेलं. आता माझ्याकडे आहे त्यात पंखाच नाही, चालू आहे की नाही ते दिव्यावरूनच कळतं. की-बोर्ड मात्र तोच आहे. दोन कळांवरची अक्षरं पुसली आहेत, पिनीला जोडावर जोड लावलेत. घरचे म्हणतात, दारं लावून लिही. हेही मी त्यावरच लिहितेय, आणि लिहिताना पुष्कळदा शब्द अडतो, बोटं थांबतात. मी ऐकत राहते. घड्याळ आहे. नळ आहे. आता थांबलं तर का थांबलीस म्हणून कोणी विचारत नाही. म्हणून मी फार वेळ थांबत नाही.